किमोचे जुलाब आणि ‘चांगल्या जंतूं’ची कॅप्सूल

कर्करोगाचे उपचार म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर केस गळणे आणि उलट्या होणे या दोनच गोष्टी येतात. पण उपचार घेऊन घरी परतलेल्या रुग्णाला जेरीस आणणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे जुलाब. गळलेले केस पुन्हा येतात. उलट्यांवर आता चांगली औषधे आहेत. जुलाबांबद्दल मात्र रुग्ण लवकर बोलत नाही. आपल्याकडच्या बायका तर घरातसुद्धा सांगत नाहीत. दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागते, अंगातले त्राण जाते, जेवायची भीती वाटू लागते आणि शेवटी ‘आता हा उपचारच नको’ इथपर्यंत गोष्ट येते. कर्करोगाचा उपचार अर्धवट सोडणे म्हणजे तोवर सोसलेला सगळा त्रास आणि झालेला खर्च पाण्यात घालण्यासारखे आहे.

अशा वेळी घरातले कोणीतरी औषधाच्या दुकानातून ‘चांगल्या जंतूं’च्या कॅप्सूल, पुड्या किंवा पिण्याच्या छोट्या कुप्या घेऊन येते. शेजारच्या मुलाला जुलाब झाले तेव्हा डॉक्टरांनी त्याच दिल्या होत्या, मग यात अपाय तो काय असणार, असा साधा हिशेब असतो. या औषधांना प्रोबायोटिक्स म्हणतात. कर्करोगाचे उपचार चालू असताना ती घ्यावीत काय, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर सरसकट ‘होय’ही नाही आणि सरसकट ‘नाही’ही नाही. काही रुग्णांना त्यांचा थोडाफार उपयोग होतो, काहींना होत नाही आणि थोड्या रुग्णांना त्यांच्यापासून जिवाला धोका संभवतो. आपला रुग्ण यांपैकी कोणत्या गटात बसतो हे घरबसल्या ठरवता येत नाही. म्हणूनच हा विषय नीट समजून घेणे गरजेचे आहे.

जुलाब का होतात?

आपल्या लहान आतड्याला आतून पेशींचे अस्तर असते. हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होत असते. किमोथेरपीची बरीचशी औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळाशी असलेल्या, रक्त तयार करणाऱ्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशीही तशाच असतात. औषधाला दोघांतला फरक पुरता कळत नाही. अस्तर झिजले की अन्न आणि पाणी शोषले जात नाही आणि जुलाब सुरू होतात.

सर्वच औषधांनी सारखा त्रास होत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात देतात ते फ्लुरोयुरॅसिल, त्याच जातीची कॅपेसिटाबिन ही गोळी आणि इरिनोटेकॅन ही औषधे याबाबतीत विशेष ओळखली जातात. यांपैकी इरिनोटेकॅनची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. या औषधाचे शरीरात जे तीव्र द्रव्य बनते, ते यकृत निष्प्रभ करून पित्तावाटे आतड्यात सोडून देते. पण आतड्यातले काही जंतू आपल्या पाचकद्रव्याने त्याला पुन्हा जागे करतात आणि ते अस्तराला जाळते. म्हणजे हे जुलाब घडवून आणण्यात पोटातल्या जंतूंचाही हात असतो.

दुसरे कारण म्हणजे किरणोपचार, ज्याला लोक ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडे अजूनही बऱ्याच स्त्रियांना होतो. त्यासाठी ओटीपोटावर साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरण दिले जातात आणि सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध सलाईनमधून देतात. ओटीपोटातच आतड्याची वेटोळी असल्याने त्यांनाही किरण लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पोटात मुरडा, पातळ शौच आणि वारंवार कळ येणे सुरू होते. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत हा त्रास बहुधा ओसरतो. मात्र काही जणींना कित्येक महिन्यांनी किंवा वर्षांनी शौचावाटे रक्त पडू लागते. त्याला मूळव्याध समजून घरी बसू नये. आपल्याला पूर्वी किरणोपचार झाले आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

‘चांगले जंतू’ ही कल्पना कोठून आली?

आपल्या शरीरात जितक्या पेशी आहेत, साधारण तितकेच जंतू आपल्या अंगावर आणि अंगात वस्तीला असतात. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. ते अन्नातील चोथा पचवतात, काही जीवनसत्त्वे तयार करतात आणि रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. किमो, किरणोपचार आणि मधूनमधून द्यावी लागणारी प्रतिजैविके यांनी या वस्तीची घडी विस्कटते.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे मत मांडले, की बल्गेरियातील शेतकरी दीर्घायुषी असतात त्याचे कारण त्यांच्या आहारातील आंबवलेले दूध होय. तेव्हापासून उपकारक जंतू मुद्दाम पोटात घालण्याच्या कल्पनेने मूळ धरले. मेचनिकॉफ यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी मिळाले. ते त्यांना जर्मनीच्या पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून मिळाले होते, आणि ‘किमोथेरपी’ हा शब्द रूढ केला तो याच एर्लिख यांनी.

प्रोबायोटिक कशाला म्हणावे, हे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये ठरवले. पुरेशा प्रमाणात घेतल्यावर घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यातला ‘जिवंत’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. कॅप्सूलच्या फायद्याचे आणि धोक्याचे, दोन्हींचे मूळ तेथेच आहे.

दुकानात मिळणाऱ्या या औषधांत मुख्यतः लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम आणि बॅसिलस या कुळांतील जंतू असतात. काहींत सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचे यीस्ट असते, म्हणजे पावासाठी वापरतात त्या यीस्टचा भाऊबंद. सर्वांना ‘पोटाची कॅप्सूल’ हे एकच नाव असले, तरी प्रत्येकाचे काम निराळे आहे. एकाने गुण आला म्हणून दुसऱ्याने येईलच असे नाही.

उपयोग किती?

इटलीत ओटीपोटावर किरणोपचार घेणाऱ्या ४९० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक प्रकारच्या जंतूंचे मिश्रण दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्णांना जुलाब झाले, तर नुसती नावाची पुडी दिलेल्यांपैकी सुमारे ५२ टक्के रुग्णांना झाले. फिनलंडमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी फ्लुरोयुरॅसिल घेणाऱ्या १५० रुग्णांवर चाचणी झाली. तीत लॅक्टोबॅसिलसची एक विशिष्ट जात घेणाऱ्यांपैकी २२ टक्के रुग्णांना तीव्र जुलाब झाले, न घेणाऱ्यांपैकी ३७ टक्के रुग्णांना झाले.

आता दुसरी बाजू. स्पेनमध्ये किरणोपचार घेणाऱ्या ८५ स्त्रियांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस घातलेल्या आंबवलेल्या दुधाने जुलाब होणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले नाही. शौच थोडे घट्ट झाले, इतकेच. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये अशा १२ चाचण्यांचा, एकूण १,५५४ रुग्णांचा आढावा घेतला. उपयोग होत असावा, पण पुरावा कच्चा आहे, असा त्याचा सारांश होता. कर्करोग रुग्णांच्या त्रासावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही ओटीपोटाच्या उपचारांत जुलाब टाळण्यासाठी लॅक्टोबॅसिलस द्यायला हरकत नाही, अशी सूचना केली आहे. ती सूचना आहे, आग्रह नाही.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. एक, उपयोग दिसतो तो मुख्यतः ओटीपोटाच्या किरणोपचारात आणि काही ठरावीक किमोमध्ये. दोन, तो जुलाब टाळण्यासाठी, म्हणजे आधीपासून घेतल्यास दिसतो. एकदा जोराचे जुलाब लागल्यावर कॅप्सूलवर विसंबून राहण्यात अर्थ नाही. तीन, या औषधांनी कर्करोग बरा होत नाही. तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

धोका कोणाला?

निरोगी माणसाच्या पोटात हे जंतू गेले तर आतड्याची भिंत आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना त्यांच्या जागी ठेवतात. किमोच्या रुग्णात नेमक्या या दोन्ही गोष्टी दुबळ्या झालेल्या असतात. बऱ्याच औषधांत किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि त्याच सुमारास आतड्याचे अस्तरही झिजलेले असते. अशा वेळी कॅप्सूलमधले जिवंत जंतू झिजलेल्या भिंतीतून रक्तात शिरू शकतात. हे क्वचित घडते, पण घडल्याच्या नोंदी आहेत. घडते तेव्हा रुग्णाच्या जिवावर बेतते.

यीस्टच्या बाबतीत अधिक जपावे लागते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये असे बजावले, की अत्यवस्थ किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना सॅकरोमायसिस बुलार्डी देऊ नये. किमोसाठी ज्यांच्या गळ्याजवळ, छातीत किंवा दंडात कायमची नळी अथवा पोर्ट बसवलेले असते, त्यांना तर हे यीस्ट अजिबात नको. पुडी फोडताना उडालेली भुकटी हाताला लागून नळीपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे अशा रुग्णाच्या खाटेजवळ दुसऱ्यासाठीही ही पुडी फोडू नये.

‘चांगले जंतू’ म्हणजे नेहमी चांगलेच, हा समज किती महाग पडू शकतो याचे उदाहरण नेदरलँड्समध्ये दिसले. ते रुग्ण कर्करोगाचे नव्हते. त्यांना स्वादुपिंडाचा तीव्र दाह झाला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्या १५२ रुग्णांपैकी २४ दगावले, न दिलेल्या १४४ पैकी ९ दगावले. अत्यवस्थ रुग्णाला हे औषध सहज म्हणून देता येत नाही, हा धडा वैद्यकाला त्यातून मिळाला.

अलीकडे काही रुग्णांना इम्युनोथेरपीची इंजेक्शने दिली जातात. त्यांत शरीराची प्रतिकारशक्ती चेतवली जाते. त्यामुळे होणारे जुलाब वेगळे असतात. तेथे रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी आतड्यावर चालून गेलेल्या असतात आणि अनेकदा स्टेरॉइड द्यावे लागते. कॅप्सूल घेऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णांचे अमेरिकेत निरीक्षण केले गेले. २०२१ च्या त्या अहवालानुसार आहारात भाजीपाला, कडधान्ये अशा चोथायुक्त पदार्थांचे प्रमाण चांगले असून प्रोबायोटिक न घेणाऱ्यांना उपचाराचा सर्वांत चांगला गुण आला. हे केवळ निरीक्षण असले, तरी इम्युनोथेरपीच्या रुग्णाने स्वतःच्या मनाने प्रोबायोटिक घेऊ नये एवढे सांगायला ते पुरेसे आहे.

दही-ताकाचे काय?

दही हे अन्न आहे, औषध नव्हे. विरजणात कोणते जंतू आणि किती, हे घरोघरी वेगळे असते. म्हणून वर सांगितलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष घरच्या दह्याला लावता येत नाहीत. पण दह्याचा दुसरा फायदा आहे. आतड्याचे अस्तर झिजले की दुधातील साखर पचवणारे पाचकद्रव्य कमी पडते. म्हणून जुलाबात दूध प्यायले की पोट फुगते आणि जुलाब वाढतात. दही लागताना ही साखर काही प्रमाणात खर्ची पडते, त्यामुळे दही किंवा पातळ ताक अनेकांना सोसते.

मात्र ते चांगल्या उकळलेल्या दुधाचे, स्वच्छ भांड्यात लावलेले आणि ताजे असावे. आंबट झालेले, दोन-तीन दिवसांचे नको. बाहेरची लस्सी, बर्फ घातलेले ताक आणि रसवंतीवरचा उसाचा रस उपचार संपेपर्यंत वर्ज्य समजावा. पांढऱ्या पेशी फारच कमी झालेल्या दिवसांत काही केंद्रांत दहीही बंद ठेवायला सांगतात. तसे सांगितले असेल तर ते पाळावे.

जुलाब लागले तर आधी काय करावे?

पहिले औषध म्हणजे मीठ-साखर-पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे मिश्रण पाण्यातून पाजून असंख्य जीव वाचवले. तेच हे जलसंजीवनीचे तत्त्व. दुकानातून ओआरएसची पुडी आणावी आणि पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. घोट घोट, पण सतत पाजावे. खोक्यात मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या जुन्या रुग्णाला किती पाणी द्यायचे हे डॉक्टरांना विचारावे.

सिस्प्लॅटिन घेणाऱ्या रुग्णाने याबाबतीत जराही हयगय करू नये. हे औषध मूत्रपिंडाला जाचक आहे. त्यात जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले तर मूत्रपिंडाला इजा होते आणि पुढचा डोस लांबणीवर पडतो.

खाण्यात तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचे पातळ वरण, केळे, उकडलेला बटाटा, पूर्ण उकडलेले अंडे असे हलके पदार्थ थोडे थोडे द्यावेत. तिखट, तेलकट आणि कच्च्या कोशिंबिरी काही दिवस बाजूला ठेवाव्यात. उपास मात्र करवू नये.

जुलाब थांबवण्यासाठी लोपेरामाइड ही गोळी उपयोगी आहे आणि कर्करोग केंद्रातून ती अनेकदा सोबत दिलीही जाते. दिली असेल तर सांगितल्याप्रमाणे घ्यावी. पण ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरी घेणाऱ्यांसाठी एक खास सूचना. नेहमीपेक्षा दिवसातून चार किंवा अधिक वेळा जास्त जावे लागत असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी केंद्रावर फोन करून विचारावे. ‘कोर्स मोडायचा नाही’ म्हणून जुलाबांतही गोळ्या रेटत राहणे धोक्याचे आहे.

वाट न पाहता दवाखाना गाठावा, अशी लक्षणे पुढीलप्रमाणे:

१. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक. किमोच्या रुग्णात हा आणीबाणीचा प्रसंग आहे. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये.
२. शौचातून रक्त पडणे किंवा शौच काळे होणे.
३. चोवीस तासांत जुलाब न थांबणे, किंवा रात्री झोपेतून उठून वारंवार जावे लागणे.
४. उलट्यांमुळे पाणीही पोटात न ठरणे.
५. लघवी फार कमी होणे, उभे राहिल्यावर चक्कर येणे, रुग्ण गुंगीत वाटणे.
६. पोट फुगून कडक होणे किंवा पोटात सतत तीव्र दुखणे.

आपल्या भागातील रुग्ण उपचारासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात, बार्शीला किंवा नागपूरला जातात आणि दोन डोसांच्या मधले दिवस घरी काढतात. त्रास होतो तो याच मधल्या दिवसांत, आणि तेव्हा मोठे डॉक्टर शेकडो मैल दूर असतात. म्हणून केंद्रातून निघतानाच तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. जुलाब झाले तर कोणती गोळी किती घ्यायची? रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? आणि प्रोबायोटिक घ्यायचे की नाही, घ्यायचे तर नेमके कोणते आणि किती दिवस? हा कागद आणि उपचाराची फाईल गावातल्या डॉक्टरांना दाखवावी. शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला आणि पांढऱ्या पेशी किती आहेत हे कळले, तर आम्हा गावच्या डॉक्टरांनाही योग्य निर्णय घेता येतो.

केंद्रातील डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली असेल तर निःशंकपणे घ्यावी. घेताना पाकिटावर जंतूचे पूर्ण नाव, त्यांची संख्या, मुदतीची तारीख आणि साठवण्याची सूचना पाहावी. थंड जागी ठेवा असे लिहिलेली कॅप्सूल उन्हाळ्यात एसटीच्या प्रवासात पिशवीत राहिली, तर आतले जंतू मरून जातात आणि पैसे वाया जातात. लिहून दिली नसेल तर मात्र, दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते एवढ्याच कारणाने घेऊ नये. चिठ्ठीशिवाय मिळणारी गोष्ट प्रत्येकाला चालतेच असे नाही.

घरच्यांनी एवढे करावे, की रुग्णाला रोज न लाजता विचारावे, ‘आज किती वेळा जावे लागले?’ आणि तो आकडा वहीत तारखेसह मांडून ठेवावा. डॉक्टरांना त्या वहीतून जे कळते, ते रुग्णाच्या ‘थोडं पोट बिघडलंय’ या उत्तरातून कधीच कळत नाही.